थोरल्या घराची ओळ

११ जानेवारी, रविवार

रसिकाताई,

तुझा फोन एक रिंग होऊन कटतो, म्हणजे तू माझा नंबर बंद केला आहेस. म्हणून तू नोकरी करतेस त्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहिते आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या कुणामार्फत कळवता आलं असतं, पण वाडीत एकाचा मेसेज दहा फोनांवर फिरतो. पोस्टाचं पाकीट अजून तरी कुणी फोडत नाही.

आज देवळात गावकीची बैठक झाली. विषय तुझ्या आईचं घर. बैठकीला बायका नसतात. मला बोलावलं, कारण लॅपटॉप माझा आणि यादी माझ्या ताब्यात.

चिरेखाणीविरुद्ध तहसीलदारांकडे गेलेला अर्ज गावकीला झोंबला आहे. लिहिलास तू, सही तुझ्या आईची, माझ्या काकीची, कारण खाणीला लागून असलेली जमीन तिच्या नावावर. खाणवाला देवळाला सभामंडप बांधून देणार होता. आता खाण बंद आहे आणि मंडपाचे खांब नुसते उभे आहेत. हे सगळं मला माहीत आहे, हे एवढ्यासाठी लिहिते की गणपतीत तू मला सगळ्यांदेखत 'गावकीची कारकून' म्हणालीस, जसं काही मला काही कळतच नाही.

मानकरी म्हणून केरूकाका बोलले ते जसंच्या तसं देते.

"आपन कुनाला वाळीत टाकत नाय. कायदा झालाय, आता तसला काय चालत नाय. ठराव नको, सही नको. यादीत नाव नाय म्हंजे नाय. कुनी विचारला तर सांगायचा, कॉम्प्युटरात नाय, आमी काय करनार?"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तेजस्वी, तेवढा घर काडून टाक गो."

यादी मी बांधली तेव्हा गावच्या मुंबई मंडळाला वह्यांचा कंटाळा आला होता. कोण कुठल्या घरचा, कुणाचा नंबर काय, पाण्याची पाळी, शिमग्यात पालखी कुठल्या घरानंतर कुठल्या घरी जाते, हे सगळं तीन वह्यांत आणि पाच म्हाताऱ्यांच्या डोक्यात होतं. मी ते एका डेटाबेसमध्ये आणलं. आता बाबल्या पाणी सोडायला निघतो तो फोनवर यादी उघडून. पालखीचं पत्रक त्यातूनच छापतात. लग्नाची आमंत्रणं, देवळातल्या कामाच्या पाळ्या, कुणाकडे मयत झालं तर कुणाकुणाला निरोप द्यायचा, तेही त्यातूनच. त्यातून नाव गेलं म्हणजे काय होतं हे तुला समजावायला नको. मी स्वतःसाठी लिहून बघितलं.

बैठकीत मी "बघते" म्हटलं. आमच्या ऑफिसात बघते म्हणजे नाही. इथे ते हो समजलं गेलं.

बाबा चिटणीस म्हणून केरूकाकांच्या शेजारी बसले होते. त्यांनी पूर्ण वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

मी काय करणार ते ठरलेलं नाही. काकीला रोज फोन कर. आजपासून तिच्याशी बोलणारी माणसं कमी होतील.

तेजस्वी


२५ जानेवारी, रविवार

रसिकाताई,

तुझं उत्तर मिळालं. दोनच ओळी आहेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. नाही. त्यांनी मला हे काम सांगितल्याचा पुरावा मी देणार नाही.

कारण सांगते. तू पोलिसांत गेलीस तर ते आधी कागद मागतील. गावकीच्या सगळ्या कागदांवर चिटणीस म्हणून बाबांची सही आहे. केरूकाकांची एकाही कागदावर नाही, त्यांनी ती कधी केलेलीच नाही. तुझ्या तक्रारीत पहिलं नाव तुझ्या सख्ख्या काकाचं येईल आणि केरूकाका साक्षीदार म्हणून खुर्चीवर बसतील. तू म्हणशील, बाबांनी सही करताना विचार करायला हवा होता. मीही तेच म्हणते. पण मी त्यांच्याच घरात राहते.

आता काय झालं ते. केरूकाका मंगळवारी आमच्या पडवीत आले. बरोबर त्यांचा दर्शन होता. तो ठाण्याला मोबाईलच्या दुकानात आहे, सध्या सुट्टीवर आला आहे.

"झाला काय गो काम?"

"होत नाही."

"होत नाय म्हंजे?"

मी लॅपटॉप फिरवून दाखवला. काकीचं घर काढायची आज्ञा दिली की लाल अक्षरांत नकार येतो. तो का येतो ते तुलाही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यादीत प्रत्येक घराची एक ओळ आहे. त्या ओळीत 'मूळ घर' असा एक रकाना आहे, म्हणजे हे घर कुठल्या घरातून वेगळं झालं. पालखीचा मान त्यावरून ठरतो, म्हणून म्हाताऱ्यांनी तो रकाना हट्टाने घालायला लावला. आपल्या भावकीतलं कुठलंही घर घेऊन मागे मागे गेलं की शेवटी एकाच घराशी येतं. थोरलं घर. तुझ्या आजोबांचं, म्हणजे माझ्याही, पण वाटणीत थोरल्या मुलाकडे गेलं आणि आता काकीच्या नावावर आहे ते. ज्या ओळीकडे दुसऱ्या ओळी बोट दाखवतात ती ओळ डेटाबेस काढू देत नाही. त्याला फॉरेन की म्हणतात. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

केरूकाकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तुजा कॉम्प्युटर त्या बाईच्या बाजूचा."

"तो कुणाच्या बाजूचा नाही. ज्याच्यावर दुसरं उभं आहे ते तो काढत नाही, एवढंच."

"मंग बंद कर ना नाव. पुडं बंद असा लिव."

"लिहिता येईल. मग काकीच्या नावापुढे 'बंद' असं कायमचं दिसेल. कुणालाही दाखवता येईल."

ते त्यांना नको होतं. त्यांना लिहिलेलं काहीच नको आहे.

दर्शन मध्येच म्हणाला, "तेजूताय, पासवर्ड दे. मी बगतो. आमच्या शॉपचा आखा स्टॉक मीच मेंटेन करतो."

"काय काय विकता?"

"कव्हर, चार्जर, स्क्रीनगार्ड."

"त्यात मूळ कव्हर कुठलं असतं का?"

आतून आई हसल्याचं ऐकू आलं. केरूकाका हसले नाहीत. म्हणाले, "चिटणीस, तुमची पोरगी पासवर्ड देनार काय आमी दुसरा मार्ग बगू?"

बाबा म्हणाले, "दे गो."

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं, दुसरा मार्ग म्हणजे काय. ते म्हणाले, "आज तिचं घर, उद्या आपलं. तुझ्या आईला कुणी नळावर उभं करायचं नाही. तुझं लग्न व्हायचंय." आपल्या लग्नाचा उल्लेख अशा ठिकाणी होतो तेव्हा काय वाटतं ते तुला ठाऊक आहे.

मी पासवर्ड दिला. सगळे हक्क असलेला. कमी हक्कांचा देता आला असता, पण तो चालत नाही हे दर्शनला पाच मिनिटांत कळलं असतं आणि केरूकाका पुन्हा पडवीत येऊन बसले असते.

दोन गोष्टी माझ्याकडे ठेवल्या. रोज बॅकअप माझ्या मशीनवर येतो, आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या जागी उतरवून सगळं नीट येतं का ते मी पाहते. शिवाय घरांच्या संख्येवर पहारा ठेवला आहे. ती अचानक खाली आली तर मला मेल येतो. ही माझी नेहमीची कामाची पद्धत आहे, त्यात दुसरं काही वाचू नकोस.

काकी बरी आहे. राजश्रीवहिनी पूर्वी संध्याकाळी तिच्या ओटीवर तांदूळ निवडायला बसायच्या, त्या आता येत नाहीत. काकी एकटीच निवडते आणि मोठ्याने बोलते. काल मी रस्त्यावरून जात होते तर म्हणाली, "कोन जातंय त्या बगायला पन मना हाय काय?" मी थांबले. फार वेळ नाही.

तेजस्वी


१२ फेब्रुवारी, गुरुवार

रसिकाताई,

झालं. क्रमाने सांगते.

सोमवारी मी ऑफिसात होते. एका पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस आमच्याकडे आहे. त्यांचा रिपोर्ट उघडायला फार वेळ लागत होता, म्हणून कुठली क्वेरी अडते ते शोधून तिला इंडेक्स लावत होते. तेवढ्यात माझ्याच पहाऱ्याचा मेल मला आला. घरं कमी झाली होती.

इथे एक गोष्ट लिहून टाकते. तो पहारा मी असा लावला होता की एखादं घर कमी झालं तर मेल येणार नाही, एकाहून जास्त गेली तरच येईल. म्हणजे एकटी काकी गेली असती तर मला कळलं नसतं. तसा का लावला, ते लिहीत नाही.

पण एक घर गेलं नव्हतं. आपली अख्खी भावकी गेली होती. चाळीसेक घरं. खालच्या आळीतली, दुसऱ्या मुळाची, तेवढी शिल्लक होती.

लॉग, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, उघडून पाहिला. दर्शनलाही तोच नकार आला होता. त्याने तो मोबाईलवर विचारला असणार, आणि मोबाईलने त्याला उपाय सांगितला. उपाय चुकीचा नव्हता. नियमात एक शब्द बदलायचा. मी लिहिलेला नियम होता, खाली घरं असतील तर वरचं काढू नको. त्याने केला, वरचं काढलं तर खालचीही काढ. मग काकीचं घर काढलं. डेटाबेसने तिच्या घरातून निघालेली घरं काढली, त्यांच्यातून निघालेली काढली, त्यांच्यातून निघालेलीही काढली. शेवटी केरूकाकांचं. त्यांचे पणजोबा थोरल्या घरातून वेगळे झाले होते.

मी कुणालाही फोन केला नाही. आदल्या दिवसाचा बॅकअप उतरवून पाहिला, सगळी घरं होती. मग लॅबच्या इंडेक्सचं काम पुरं केलं. सुटल्यावर शहरातल्या रहाटघर स्टँडवर नेहमीची एसटी पकडली.

दर्शनने फक्त काकीचं नाव नाही ना एवढंच पाहिलं. नव्हतं. खूश होऊन त्याने पालखीचं पत्रक त्याच दिवशी बनवून मुंबईच्या ग्रुपवर टाकलं. वाचलं नाही. वाचायचं कुणाला सुचतं? दर वर्षी तेच असतं.

मंगळवारी सकाळी बाबल्याने यादी उघडली आणि वरच्या आळीचा व्हॉल्व्ह फिरवलाच नाही. केरूकाकांच्या मंडळी हंडा घेऊन रस्त्यावर आल्या. मी एसटीची वाट बघत होते, सगळं ऐकलं.

"बाबल्या, मेल्या, पानी कुटं हाय?"

"काकी, तुमचा घर यादीत नाय."

"काय बोलतोस?"

"मी नाय बोलत. केरूकाकाच बोलले, यादीत नाय त्याला पानी नाय, कुनाचा ऐकायचा नाय. मी नाय ऐकत."

"अरं, मी त्यांची बायको!"

"त्यांचा पन नाव नाय," बाबल्या म्हणाला. तो मस्करी करत नव्हता. त्याने फोन वर करून दाखवला.

दुपारपर्यंत मुंबईहून सुरू झालं. कुणी लिहिलं, आम्ही गावचे नाही का. कुणी लिहिलं, गाड्या बुक केल्या, पोरांना पालखी दाखवायची म्हणून, आणि आता पालखी खालच्या आळीतच नाचणार काय. नालासोपाऱ्याहून एकाने विचारलं, केरूकाकांनी कुठला गुन्हा केला ते तरी सांगा, म्हणजे आम्हीही तो करणार नाही. त्यावर खालच्या आळीतल्या कुणीतरी हसणाऱ्या तोंडांची रांग टाकली. मग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करण्यात आलं. अ‍ॅडमिन दर्शन आहे. तो काही लिहीत नव्हता.

त्या दिवशी मी काकीकडे गेले. तिलाही पाणी नव्हतं, पण वरच्या आळीत कुणालाच नव्हतं. ती पऱ्याच्या ओढ्यावरून कळशी घेऊन आली होती आणि ओटीवर बसून हसत होती. एवढी हसताना मी तिला बऱ्याच महिन्यांत पाहिलं नाही. म्हणाली, "केरूची बायको पन होती पऱ्यावर. मला बोलली, वैनी जरा सरा. महिन्याभरात पयला शब्द."

केरूकाका काल आले. पडवीत नाही, थेट माजघराच्या दारापर्यंत. मला 'तेजस्वीबाय' म्हणाले. रविवारी महाशिवरात्रीला सगळे देवळात असतील, तेव्हा बैठक आहे.

तेजस्वी


१६ फेब्रुवारी, सोमवार

रसिकाताई,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. मी असं कधी कुणाला सांगत नाही. तू नीट फाडशील याची खात्री आहे, कारण तू औषधाची पाकिटंसुद्धा चार तुकडे करून टाकतेस.

काल देवळात पन्नासेक माणसं होती. मला खुर्ची दिली. लॅपटॉप ठेवायला पाट दिला.

केरूकाका म्हणाले, "जी घरा गेलीत ती आन परत."

मी म्हटलं, आणते. पण घरं जायच्या आधीचा बॅकअप अख्खा ओतता येणार नाही. गेल्या आठवड्यात मुंबईच्या खालच्या आळीतल्यांनी कोण कोण येणार याची नावं भरली आहेत, ती पुसली जातील. म्हणून गेलेली घरं एकेक करून त्या बॅकअपमधून उचलून घालावी लागतील.

"घाल. थोरला घर सोडून."

सगळं त्या वाक्यापर्यंत आलं होतं. मला आधीपासून माहीत होतं की ते हेच बोलतील.

मी म्हटलं, "होत नाही."

"परत नाय?"

"काका, तुमच्या घराची ओळ घालायची तर मूळ घराच्या रकान्यात काहीतरी लागतं. तुमचं मूळ रामजींचं, तुमच्या पणजोबांचं घर. रामजींच्या घराचं मूळ थोरलं घर. ते आधी घातल्याशिवाय रामजींचं जात नाही, आणि रामजींचं गेल्याशिवाय तुमचं नाही. थोरलं घर पहिलं. मग बाकीची."

ताई, हे खोटं आहे. तो रकाना रिकामा सोडता येतो. मीच तसा ठेवला होता, कारण खालच्या आळीतल्या काही घरांचं मूळ कुणालाच सांगता आलं नव्हतं. काकीला वगळून बाकी सगळ्यांना परत आणायचं काम चहा निवायच्या आत झालं असतं. एक चहा माझ्यासमोर होताच.

मी हे तोंडावर काहीही न दाखवता बोलले. त्याचा मला सराव आहे.

दर्शन मागे खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "तेजूताय, ता चेकिंग बंद करून टाकता येतं ना? मोबाईलवर देतंय."

त्याचं बरोबर होतं. त्या पन्नास माणसांत तो एकटाच बरोबर होता.

मी म्हटलं, "येतं की. तूच केलं होतंस ना मागच्या सोमवारी?"

आधी बाबल्या हसला. मग खालच्या आळीतले सगळे. दर्शनचे कान लाल झाले आणि तो बाहेर निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं, तेवढं लिहिते.

तरी केरूकाका हलेनात. गळ्यातला पंचा हातात घेऊन पिळत बसले. मग भिकूआजोबा बोलले. ते गेली दोन वर्षं बैठकीत बोललेले नाहीत, सगळ्यांना वाटतं त्यांना ऐकू येत नाही.

"केरू, थोरला घर काडलंस तर आपन कुटले रं? कोनी विचारला, तुमचा मूळ कुटला, तर काय सांगशील? ठाण्याचं दुकान?"

केरूकाकांनी पंचा पुन्हा गळ्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाल मंग. कसा पडतो त्या क्रमान घाल."

मी त्यांच्यासमोर घातलं. आधी नियम पूर्ववत केला. मग पहिली ओळ. प्रत्येक नाव मोठ्याने वाचून दाखवत होते, कारण त्यांनी तसं सांगितलं. त्यामुळे पहिलं नाव काकीचं वाचलं गेलं. बाबांनी तेव्हा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही. पण माझ्या आवाजातलं कळतं.

घरी येताना त्यांनी एवढंच विचारलं, "खरंच होत नव्हतं?"

मी म्हटलं, "नव्हतं."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तेजस्वी


१४ मार्च, शनिवार

रसिकाताई,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच पूर्ण पान लिहिलंस. तू विचारतेस, पालखी आली का. आणि विचारतेस, लॉग अजून आहे का.

पालखी आली. मानाप्रमाणे पहिली तुमच्याच अंगणात. काकीने सडा घातला होता आणि निळं लुगडं नेसली होती, ते ठेवणीतलं. राजश्रीवहिनी सकाळीच येऊन रांगोळी काढून गेल्या. काकी त्यांना म्हणाली, "वाट सापडली काय गो?" वहिनी खाली मान घालून रांगोळीच काढत राहिल्या.

ढोल थांबल्यावर गाऱ्हाणं घालायचं होतं. ते मानकऱ्यानेच घालायचं असतं, म्हणजे केरूकाकांनी. त्यांनी नारळ हातात धरला आणि त्याची शेंडी नीट करत राहिले. मला वाटलं आता काहीतरी निमित्त काढून परत फिरतात. पण देवासमोर घराचं नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं सुरू होत नाही. त्यांनी घेतलं. थोरल्या घराचं, मग काकीचं. म्हणाले, ह्या घरावर काय वाकडी नजर असंल ती काडून टाक म्हाराजा. ज्यांनी दोन महिने तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं ते सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" वाकडी नजर कुणाची हे म्हणणाऱ्यांना आणि ऐकणारीला सारखंच माहीत होतं. काकी पदराने तोंड झाकून उभी होती. रडत नव्हती, मी बाजूलाच होते.

जाताना केरूकाका हळूच म्हणाले, "वैनी, तो अर्ज मागं घ्या आता."

काकी म्हणाली, "पानी पिऊन जावा भावोजी. खान बंद हाय म्हनून झऱ्याला हाय अजून."

प्यायले. अर्ज तसाच आहे.

मग काकीने मला विचारलं, "तू काय केलंस गो नक्की?" मी म्हटलं, काही नाही, कॉम्प्युटरचं होतं. म्हणाली, "मंग त्याला पन घावने द्यायला पायजेत." आणि मला दोन जास्त वाढली.

आता लॉग. तो मी पुसलेला नाही, आणि तुला देणारही नाही, बाबा चिटणीस आहेत तोवर. तू लिहितेस की एका खोट्यावर आईचं घर किती दिवस उभं राहणार, उद्या ते तोंड बंद ठेवून पुन्हा तेच करतील, कायदा आहे तर तो वापरायला हवा. तुझं म्हणणं बरोबर आहे. मी त्यावर वाद घालत नाही. मला फक्त जमणार नाही.

खोट्याबद्दल मात्र एक काम केलं आहे. शिमगा झाल्यावर मी यादीची रचना बदलली. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांकडे दोन रात्री बसून त्यांची मुळं विचारून घेतली. आता मूळ घराचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. थोरल्या घराच्या रकान्यात थोरलंच घर घातलं आहे. म्हणजे देवळात मी जे बोलले ते आता खरं आहे. काकीची ओळ नसेल तर भावकीतली एकही ओळ त्या टेबलात शिरत नाही.

पण जी रचना मी बदलली ती दुसरा कुणी परत बदलू शकतो. ज्याला हक्क असतील तो. आज ते फक्त मला आहेत. बैठकीत ठरलं की दर्शनकडचे काढून घ्यायचे आणि "तेजस्वीशिवाय कुनी हात लावायचा नाय". केरूकाकांनीच मांडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी ठराव लिहिला. या गावकीचा गेल्या कित्येक वर्षांतला हा एकमेव ठराव आहे जो लिहून काढला गेला. त्यात मी लग्न होऊन गेले तर काय, याबद्दल काही नाही. कुणी विचारलंही नाही.

दर्शन जायच्या आधी भेटला. म्हणाला, "मला शिकव ना नीट. खरंच शिकायचंय." तो मनापासून म्हणत होता. हुशारही आहे. नीट शिकवलं तर रकाना रिकामा कसा सोडायचा हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळेल, आणि मागे जाऊन देवळातला रविवार आठवायला त्याला वेळ लागणार नाही. मी म्हटलं, बघते. या वेळी त्याला अर्थ बरोबर कळला.

जानेवारीत मी पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत दिली होती. घरी कुणाला माहीत नाही, तुलाही लिहिलं नव्हतं. त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी घेतलं असं कळवलं. मोठ्या डेटाबेसचं काम, रात्रंदिवस चालणारं, मी जे इथे एकटी करते त्याला तिथे आठ माणसं आहेत. काल उत्तर द्यायची मुदत संपत होती. मी आधी गावकीच्या यादीचं हस्तांतर लिहायला घेतलं. आमच्यात तशी पद्धत आहे, काम सोडताना पुढच्या माणसासाठी सगळं लिहून ठेवायचं. कुठला नियम कुठे आहे, का आहे, तो कधी आणि का बदलला. तीन ओळी लिहिल्या. चौथ्या ओळीत काकीचं घर आलं. ते खरं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हातात जातं, आणि खोटं लिहायचं तर हस्तांतर कशाला लिहायचं. फाईल बंद केली.

पुण्याला नकार कळवला. त्यांनी सभ्यपणे विचारलं, कारण काय. मी 'घरगुती' असं लिहिलं. त्यात काही खोटं नाही.

माझा नंबर चालू केला आहेस असं काल दिसलं. फोन करायचा तर मी साडेसहानंतर एसटीत असते, तेव्हा बोलता येत नाही. रविवारी सकाळी काकीच्या ओटीवर असते. तिथल्या फोनवर कर.

तेजस्वी